वामनरावांचा सुटा पदर

सात महिन्यांचं मूल तुमच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत किती वेळात पोचतं? चार सेकंदांत. ते बटण तोंडात जायला आणखी दोन. हे मी स्वतः घड्याळ लावून मोजलेलं आहे. सातव्या सेकंदाला ते घड्याळही त्याच तोंडात गेल्यामुळे पुढचे आकडे माझ्याकडे नाहीत.

मी अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयात चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणं, ब्यूरेट भरून ठेवणं, आणि दारात कुणाचीही सावली पडली की उठून उभं राहणं, ही माझी तीन कामं. निवृत्तीनंतर पहिली दोन सुटली, तिसरं अंगात राहिलं. घरी मीटर पाहायला माणूस आला तरी मी उभा राहतो, आणि आमची ललिता म्हणते, "बसा जी, त्याले मीटर पाह्यचं हाय, तुमाले नाई."

तर अशी दोन वर्षं रिकामी गेल्यावर एका पहाटे मेथी घ्यायला भाजीबाजारात गेलो असताना मागच्या गल्लीत एका दारावर पाटी दिसली. 'विसावा पाळणाघर. पहाटे पाच ते अकरा या पाळीसाठी एक व्यक्ती पाहिजे. लेकरांची आवड असावी.' बाई पाहिजे असं लिहिलं असतं तर मी मेथी घेऊन घरी आलो असतो. पण व्यक्ती लिहिलं होतं, आणि तेवढी पात्रता माझ्यात होती. शिवाय आत काय चालतं, हे पाहायची मला उत्सुकता होती. बंद दारामागून नऊ लेकरांचा आवाज येत असेल तर आत डोकावल्याशिवाय पुढे जाणारा माणूस मी नाही.

आत उज्मा होती. वय तिशीचं, पाळणाघराची सगळी जबाबदारी तिच्यावर. आणि पार्बताबाई होत्या, साठीच्या, मूळच्या नांदगाव खंडेश्वरच्या, लेकरं सांभाळणाऱ्या एकट्या. बाजारात भाजी, फळं, फुलं विकणाऱ्या बायांची नऊ लेकरं तिथं होती. उज्मानं अडचण सांगितली. पाचांहून जास्त लेकरं असतील तर दोन माणसं पाहिजेत, असा संस्थेचा नियम. संस्था अकोल्याची. इतक्या पहाटे यायला दुसरी बाई मिळत नव्हती.

"काका, आठ दिवस येऊन पाहा," ती म्हणाली. "आठव्या दिवशी अकोल्याहून साहेब पाहणीले येऊन राहिले. त्यायनं हो म्हटलं तं पाळी चालू. नाही तं एक तारखेपासून पहाटेची पाळी बंद, अन् हे नऊच्या नऊ लेकरं बाजारात उन्हात, भाजीच्या ढिगाऱ्याच्या बाजूले."

महिना एप्रिलचा होता. अमरावतीचा एप्रिल ज्यानं पाहिला आहे त्याला मी जास्त काही सांगत नाही.

घरी येऊन ललिताला सांगितलं. मला वाटलं ती आधी 'काहून' विचारेल, मग 'लोक काय म्हणतीन' विचारेल, आणि या दोन्हींची उत्तरं मी रस्त्यात तयार करून ठेवली होती. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "अन् घालसान काय?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. पुढचे आठ दिवस त्या एका प्रश्नानं खाल्ले.

पहिल्या दिवशी मी सफारी घातली. निवृत्तीला सहकाऱ्यांनी शिवून दिलेली, बिस्किटी रंगाची, चार खिशांची. नोकरीचा पहिला दिवस म्हटल्यावर माणूस चांगलेच कपडे घालणार. खिशात पेन, चष्म्याचं घर, रुमाल, आणि एक लहान वही. चौतीस वर्षांची सवय आहे, वहीत नोंद केल्याशिवाय मला काही घडलं असं वाटत नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी आचल नावाची पोरगी आली. ती भातकुलीहून झेंडू आणि शेवंती घेऊन ऑटोनं येते. तिनं आपलं सात महिन्यांचं लेकरू माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काका, याचं नाव देवानंद. हा कोनाजवळ लवकर राह्यत नाई." एवढं सांगून ती टोपलं घेऊन निघून गेली. देवानंदनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि मग बटण, घड्याळ वगैरे जे वर सांगितलं ते झालं. त्यानंतर पेनाचं टोपण गेलं, चष्मा गेला, आणि हे सगळं काढून घेतल्यावर त्यानं जो सूर लावला तो साडेसहापर्यंत खाली आला नाही.

बटण पार्बताबाईंनी बोट घालून काढलं. उज्मानं मला शांतपणे समोर बसवलं. "काका, बटण नोको. पिन नोको. चेन नोको. पेन, घड्याळ, साखळी काहीच नोको. खिसा ठेवला तं त्यात काही ठेवू नोका."

"अन् मिशा?" पार्बताबाईंनी विचारलं.

उज्मानं माझ्या मिशांकडे जरा वेळ पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली.

संध्याकाळी समोरचे खुशालराव आले. खुशालराव विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून सल्ला विस्तारतात. सफारीवरचे डाग पाहून त्यांनी डोळे मिटले, म्हणजे ते विचार करत होते. "मी सांगतो ना, वामनराव," ते म्हणाले, "रेनकोट. पुसला का झालं. डाग नाई, वास नाई, धुनं नाई."

कल्पना वाईट नव्हती. कुठलीही कल्पना तपासल्याशिवाय वाईट म्हणू नये, असं आमचे विभागप्रमुख म्हणत. अंगणात मी रेनकोट घालून उभा राहिलो आणि ललितानं वाटीभर वरणाचं पाणी माझ्या छातीवर ओतलं. पाणी खरंच घसरलं, सगळं चपलेत गेलं. मग मी ओली उशी कडेवर घेऊन पाहिली, तर तीही घसरली. शिवाय बेचाळीस डिग्रीत सहा मिनिटांत मला भोवळ आली. शेजारच्या गच्चीवरून दोन बाया हे सगळं पाहत होत्या, आणि ललिता कोणत्या गोष्टीचा राग काढून राहिली, यावर त्यांची चर्चा दुसऱ्या दिवशीही चालू होती असं समजलं.

दुसऱ्या दिवशी मी माझा प्रयोगशाळेचा ॲप्रन घालून गेलो. सुती, बंद मागून बांधायचे, बटण एकही नाही. पंचवीस वर्षं सल्फ्युरिक आम्लापुढे टिकलेलं कापड, दुधापुढे का टिकणार नाही. मी आत पाऊल टाकलं आणि नऊ लेकरं एकदम रडली. आधी एक, मग दुसरं, असं नाही, सगळी एका दमात. एवढा एकमताचा विरोध मी कॉलेजच्या संपातही पाहिला नव्हता.

"पांढरं काढा ते," पार्बताबाई ओरडल्या. "सुईवाला आला वाटलं त्याइले."

ॲप्रन काढला तर आत बनियान. मी सकाळचे सहा तास बनियानवर काढले. भाजीबाजारातल्या नऊ आयांनी मला त्या वेषात पाहिलं, आणि त्यातल्या तिघींकडून मी आजवर भाव करून भाजी घेत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी सदरा आणि पायजमा. सदरा जुना, गळ्याची दोन्ही बटणं ललितानं तोडून तिथं टाके घातलेले. पायजमा नाडीचा. आता नाडीत काय धोका असू शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. खुशालरावांनीही नाही. तिथं आरजू नावाची अकरा महिन्यांची मुलगी आहे. ती रांगते, आणि लोंबणारं जे दिसेल ते ओढून पाहते. मला तिचं कौतुक वाटतं, कारण तीसुद्धा माझ्यासारखी तपासल्याशिवाय सोडत नाही. मी देवानंदला दोन्ही हातांत धरून येरझाऱ्या घालत होतो, तो रडत होता, आणि त्याच क्षणी आचल त्याला पाजायला दारात आली.

मी जेवढ्या वेगानं खाली बसलो तेवढ्या वेगानं वयाच्या विशीतही बसलो नव्हतो. पायजमा पूर्ण उतरला नाही हे मी इथं स्पष्ट करतो, कारण बाजारात वेगळं सांगितलं जातं. पार्बताबाईंनी माझ्यावर चादर टाकली. आचल पाठमोरी झाली, पण तिचे खांदे हलताना दिसत होते. दुसऱ्या दिवशी कांदेवाल्यानं मला पाव किलो जास्त दिले आणि विचारलं, "वामनराव, गाठ पक्की हाय ना?"

मी घरी येऊन ललिताला म्हणालो, "सोडतो हे काम." ती म्हणाली, "सोडा." एवढ्या सहज म्हणाली की मला सोडता येईना.

तिकडे उज्मानं अकोल्याला विचारलं होतं की पुरुषानं काय घालायचं ते कळवा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी ते वहीत उतरवून घेतलं आहे. 'संस्थेच्या नियमावलीत सेवक हे पद अस्तित्वात नाही. सबब सदर उमेदवारास सेविका समजण्यात येऊन, सेविकेसाठी विहित फिकट आकाशी साडी, पदर खांद्यावर, या गणवेशात पाहणीचे दिवशी उपस्थित ठेवावे.' खाली सही आणि शिक्का. कपाटात सेविकेसाठी आलेल्या दोन साड्या पडून होत्या. उज्मानं त्या माझ्या हातात दिल्या आणि सहीसाठी रजिस्टर पुढे केलं. 'सेविकेची सही' असं लिहिलेल्या रकान्यात मी सही केली. नोकरीच्या चौतीस वर्षांत एवढ्या जड हातानं मी कुठं सही केली नव्हती.

खुशालरावांना हे कळल्यावर ते पाच मिनिटांत आले. "माहितीचा अधिकार टाका. स्थगिती आना. मी मजकूर सांगतो, तुमी लिहा." ते सांगत होते आणि मी खरोखर लिहीत होतो. आतून ललिता साडीची घडी मोडत बाहेर आली. तिनं ती साडी माझ्या खांद्यापासून पायापर्यंत धरून पाहिली. मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी बाई गप्प बसली असती.

"नेसाच म्हणून कुठं लिहिलं हाय?" ती म्हणाली. "साडीचा गणवेश पायजे म्हनते. मंग शिवा ना हिचाच."

खुशालरावांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. नेसावी हा शब्द त्यात नव्हता. त्यांनी चष्मा काढला, घातला आणि म्हणाले, "हे मी सांगनारच होतो."

अब्दुल रहीम हा आमच्याकडचा जुना शिंपी. शेरवानी शिवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मी साडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही. कारागिरापुढे खरी अडचण ठेवली की तो हसत नाही, हे मी प्रयोगशाळेतही पाहिलं आहे. त्यानं कापड चोळलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "लेकरू केवढ्या वजनाचं?"

"सातेक किलो."

त्यानं आतून ज्वारीची पिशवी आणून माझ्या कडेवर दिली. "अब ऐसेच खडे रहो. माप रिकाम्या हातानं घेतलं तं कुर्ता कडेवर तंग होते." मी ज्वारी घेऊन उभा राहिलो, बसलो, वाकलो, मांडी घातली, आणि प्रत्येक वेळी तो टेप लावून आकडा सांगत होता. एवढ्या शास्त्रीय पद्धतीनं माझं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. पडद्यामागून त्याची बायको रहिमाबी सूचना करत होती. तिनं पाच लेकरं वाढवलेली. "गला बडा रखो, डोक्यातून घालता आला पायजे. खांद्यावर दुहेरी कापड टाका, दूध तिथंच निकलतंय. बाही कोपरापर्यंतच. अन् नाडी नोको, इलास्टिक." नाडीचं तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी पहाटे मी तो पोशाख घालून गेलो. आकाशी कुर्ता, आकाशी पायजमा, खाली दोन्ही पायांवर साडीचा बारीक काठ. काठ ठेवू नको असं मी सांगितलं होतं, पण अब्दुल रहीम म्हणाला, काठ कापला तर कापडाचा अपमान होतो. सांगायला आनंद वाटतो की पोशाख अव्वल निघाला. ओढायला काही नाही, गिळायला काही नाही, पुसलं की स्वच्छ. आरजूनं सगळीकडून तपासलं आणि ती निराश होऊन दुसरीकडे रांगत गेली. आठ लेकरं माझ्याजवळ आली. फक्त देवानंद रडत राहिला.

पण आता बटणामागे धावायचं नसल्यामुळे मला नीट पाहता आलं. तो नुसता रडत नव्हता. माझ्या डाव्या खांद्यावर त्याची मूठ उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. काहीतरी शोधत होती, आणि ते तिथं नव्हतं. मी पार्बताबाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर एक लेकरू झोपलेलं, आणि त्याच्या मुठीत पदराचं टोक. बाजूच्या लेकराच्या मुठीतही पदराचं दुसरं टोक. मी उज्माकडून माझी वही मागून घेतली आणि अकरापर्यंत नोंद केली. नऊपैकी सात लेकरं पदर धरल्याशिवाय झोपत नव्हती.

"मंग?" पार्बताबाई म्हणाल्या. "पदर धरल्याबिगर लेकरू झोपते का? अन् झोपलं का मले उठता येत नाई. उठली का जागं होते. दुसरं माणूस काहून मांगून राहिलो आमी?"

मला जो आनंद झाला तो लपवता आला नाही. अडचण एका वाक्यात आली होती. पदर पाहिजे, पण तो माणसाला खिळवणारा नको. म्हणजे पदर सुटा पाहिजे. लेकरू झोपलं की पदर त्याच्या मुठीत ठेवून माणसानं उठायचं. उज्मानं अट घातली की तुकडा दीड वितीहून मोठा नको, तोंडावर जाता कामा नये, आणि एक माणूस कायम जवळ पाहिजे. साडीचा पदर अब्दुल रहीमनं घडी करून परत दिलाच होता. पत्रातली 'पदर खांद्यावर' ही अटही त्यात बसत होती. एवढं सगळं जुळून आल्यावर माणसानं सावध राहायला पाहिजे होतं.

सातव्या दिवशी मी खांद्यावर पदर लावून गेलो, बुटांना असते त्या चिकटपट्टीनं. वाटेत कांदेवाला होता, त्याच्याकडे मी पाहिलं नाही. आरजूनं पदर धरला, ती झोपली. मी पट्टी ओढली. त्या पट्टीचा आवाज दुकानात कधी जाणवला नव्हता. झोपलेल्या लेकरांच्या खोलीत तो खर्रर्र असा झाला की आरजू उठली, तिनं बाकीच्या चौघांना उठवलं, आणि पार्बताबाईंनी मला जे म्हटलं ते मी वहीत घेतलेलं नाही. देवानंदनं तर पदर हातात घेऊन सोडूनच दिला. पुन्हा दिला, पुन्हा सोडला.

"नवं हाय ना थे," पार्बताबाई म्हणाल्या. "पाचवीच्या दिवसापासून जुन्या लुगड्यात गुंडायलेलं लेकरू. त्याले नवं कापड आपलं वाटत नाई. दहा वर्सं धुतलेलं आना."

दुपारी अब्दुल रहीमनं आवाजाचा प्रश्न सोडवला. एस.टी. कंडक्टरच्या खांद्यावर असते तशी पट्टी त्यानं कुर्त्यावर शिवली, दोन्ही टोकं पक्की, मध्ये फट. पदर फटीतून ओवायचा, ओढला की सरळ निघतो. मी अकरा वेळा ओढून पाहिला, आवाज झाला नाही. खरं सांगायचं तर खांद्यावर पट्टी असावी ही माझी जुनी इच्छा होती. आमच्या कॉलेजात एन.सी.सी.च्या पोरांनाही ती होती, मला नव्हती.

राहिलं दहा वर्षं धुतलेलं कापड. ललितानं पेटी उघडली आणि तळातून एक पातळ काढलं. कधीकाळी जांभळं असावं. आता त्याला रंग असा नव्हता. तिनं कात्री घेतली, आणि कापायच्या आधी थांबली.

"हा धरून झोपत होता तो," ती म्हणाली. "तुमाले मालूम नसन."

तो म्हणजे आमचा मुलगा. आता नागपूरला असतो, त्याच्या दाढीत एकदोन केस पांढरे झाले आहेत. मला मालूम नव्हतं हे खरं. आमच्या घरी वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नसे. दुसऱ्याचं उचललेलं चाले, आपलं नाही. एका दुपारी वडील बाहेर गेलेले पाहून मी त्याला घेतलं होतं. तो सहा-सात महिन्यांचा असेल. त्यानं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं, डोळे मिटू लागला, आणि बाहेर वडिलांच्या खाकरण्याचा आवाज आला. मी त्याची मूठ सोडवली, त्याला पोत्यावर ठेवलं, आणि पेपर वाचायला बसलो. तो रडत होता आणि मी वाचत होतो. त्या दिवशी पेपरात काय होतं ते मला अजून आठवतं, आणि ते आठवतं याची मला लाज वाटते.

"मी दारात उभी होती तवा," ललिता म्हणाली. एवढंच. मग तिनं दीड वीत मापलं आणि कापलं.

आठव्या दिवशी अकोल्याचे दानियाल साहेब नऊ वाजता यायचे होते. उज्मानं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. ते दारात आले की मी मांडीवरचं लेकरू गादीवर ठेवायचं, पट्टीतून पदर ओढायचा, उठायचं, नमस्कार करायचा आणि युक्ती समजावून सांगायची. दहा मिनिटांचं भाषण मी तयार केलं होतं, त्यात चिकटपट्टीच्या अपयशाचाही प्रामाणिक उल्लेख होता.

पावणेनऊला देवानंद रडू लागला. मी त्याला घेतलं, मांडी घातली. त्याची मूठ माझ्या खांद्यावर गेली, उघडली, आणि त्या जुन्या पातळाच्या तुकड्यावर मिटली. तो गप्प झाला. मला वाटलं दम घेतोय. पण नाही, त्यानं तुकडा गालाशी नेला, एकदा माझ्या मिशांकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. मी वही मागितली नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली.

साहेब तरुण होते, इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. उज्मानं मला खूण केली, उठा. माझे गुडघे तिच्या खुणेआधीच तयार झाले होते, त्यांना चौतीस वर्षांचं वळण आहे. पट्टीतल्या पदराचं टोक मी बोटात धरलं. ओढलं असतं तर आवाज झाला नसता, अकरा वेळा पाहिलेलं होतं. पाळी राहते की जाते हे या माणसाच्या हातात आहे, हेही मला पक्कं माहीत होतं.

मी उठलो नाही.

"साहेब, बसा," मी हळू म्हणालो. "लेकरू आत्ताच झोपलंय."

उज्माचा चेहरा पडला. साहेब क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी बूट काढले आणि माझ्यासमोर चटईवर बसले, इस्त्री मोडून. फाइल मांडीवर घेतली आणि कुजबुजत विचारू लागले.

"सेविकेचं नाव?"

"वामनराव."

त्यांनी लिहिलं. "साडी फिकट आकाशी?" त्यांनी कुर्त्याकडे पाहिलं, पायावरच्या काठाकडे पाहिलं, आणि बरोबरची खूण केली. "पदर खांद्यावर?" इथं पेन थांबलं. पदर खांद्यावर होता, पण आकाशी नव्हता. नियमाप्रमाणे हा दुसऱ्याच कुठल्या साडीचा पदर होता. उज्मानं तोंड उघडलं, पार्बताबाईंनी तिचा हात दाबला. साहेबांनी देवानंदच्या मुठीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मग त्यांनी लिहिलं, ते मला उलटं वाचता आलं. 'आहे. धुवून रंग गेला आहे.'

"आणि ही खांद्यावरची पट्टी कशासाठी?"

दहा मिनिटांचं भाषण माझ्या ओठांवर होतं. "शोभेची," मी म्हणालो.

त्यांनी खाली 'पाळी सुरू ठेवावी' असं लिहून सही केली, बूट हातात घेतले आणि दाराबाहेर जाऊन घातले.

अकराला आचल आली. तिच्या हातांना झेंडूचा वास होता. मी तिथंच बसलेलो, दोन्ही पाय बधिर. तिनं वाकून देवानंदला उचललं, पण त्याची मूठ सुटेना. तिनं हळूच ओढलं, आणि पट्टीतून पदर सरकून निघाला. आवाज झाला नाही. देवानंद जागा झाला नाही. माझी युक्ती यशस्वी झाली होती आणि ते पाहायला जे लोक हवे होते ते सगळे निघून गेले होते. आचल त्याला तसाच, मुठीतल्या तुकड्यासकट, ऑटोत घालून भातकुलीला घेऊन गेली. मला उठवायला उज्मा आणि पार्बताबाई दोघी लागल्या.

घरी आलो. ललिता मेथी निवडत होती. पाळी राहिली ते सांगितलं. साहेबांसमोर उठलो नाही तेही सांगितलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसरी गोष्ट अजून सांगायची राहिली होती. तिनं तीस-बत्तीस वर्षं पेटीत जपलेलं कापड मी पहिल्याच दिवशी गमावून आलो होतो.

"तो पदर," मी म्हणालो, "लेकरू घेऊन गेलं. सोडलाच नाही त्यानं."

ललिता पुन्हा मेथीकडे वळली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "अजून चार वार हाय."